दहा नॅनोमीटरांचे अंतर : क्ष-किरणांनी उलगडलेली बहुवारिकांची रचना

कापूस, रेशीम, लोकर आणि रबर हे पदार्थ हजारो अणूंच्या अखंड साखळ्यांनी, म्हणजे महारेणूंनी, घडलेले आहेत, की लहान लहान रेणूंचे पुंजके कोणत्यातरी दुर्बोध आकर्षणाने त्यांत एकत्र राहिलेले आहेत, हा वाद १९२० नंतरच्या दशकात युरोपातील, विशेषतः जर्मनीतील, रसायनशास्त्रज्ञांमध्ये कमालीच्या कडवटपणे लढला गेला. दोन्ही बाजूंनी ज्या पुराव्यांचा आधार घेतला, त्यांतला एक महत्त्वाचा पुरावा सामाईकच होता आणि तो म्हणजे तंतूच्या जुडीतून आरपार गेलेल्या क्ष-किरणांनी छायाचित्रण-पट्टीवर उमटवलेले ठिपके आणि वलये. पट्टीवरची मोजमापे प्रारंभापासून बरीचशी बिनचूक होती. चुकत होती ती अर्थ लावणाऱ्यांनी सोबत आणलेली गृहीतके. हे महारेणू खरोखरच अस्तित्वात आहेत हे मान्य होण्यास एक दशक लागले, आणि घन पदार्थात ते दहा नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या दहा कोटींव्या भागाएवढ्या अंतरावर, कसे रचले जातात हे कळण्यास आणखी तीन दशके जावी लागली. आज ज्यांना बहुवारिके किंवा पॉलिमर म्हटले जाते त्या पदार्थांचे विज्ञान या चाळीस वर्षांत उभे राहिले.

या पद्धतीचा पाया १९१२ मध्ये म्यूनिक येथे घातला गेला. माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून वाल्टर फ्रीडरिख आणि पाउल क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरणांची शलाका पाठवली, तेव्हा पट्टीवर ठिपक्यांची नियमित मांडणी उमटली आणि क्ष-किरण हे तरंग आहेत व स्फटिकातील अणू ठरावीक अंतराने मांडलेले असतात, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात सिद्ध झाल्या. पदार्थातील इलेक्ट्रॉन क्ष-किरणांना सर्व दिशांना विखुरतात, यालाच प्रकीर्णन म्हणतात; रचना नियमित असेल तर विखुरलेले तरंग काही दिशांना परस्परांना पोषक ठरून तीव्र ठिपके उमटवतात आणि इतर दिशांना एकमेकांना खोडून काढतात. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी या घटनेला जे साधे सूत्र दिले, त्यातून पुढच्या सर्व इतिहासाला व्यापून राहिलेली एक गोष्ट निष्पन्न होते, ती अशी की पदार्थातील अंतर जितके मोठे, तितका ठिपका मूळ शलाकेच्या जवळ पडतो. तांब्याच्या लक्ष्यापासून निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर असते. अर्ध्या नॅनोमीटरचे अंतर त्यांना सुमारे १८ अंशांनी वळवते, तर दहा नॅनोमीटरचे अंतर जेमतेम ०.९ अंशाने.

बर्लिनच्या डालेम या उपनगरातील तंतुरसायनाच्या कैझर व्हिल्हेल्म संस्थेत १९२० मध्ये संचालक हेर्त्सोग आणि त्यांचे सहकारी यांके यांनी सेल्युलोजच्या तंतूंची क्ष-किरण चित्रे घेतली. वनस्पतींच्या पेशीभित्ती ज्याने बनतात ते सेल्युलोज रॅमी या झाडाच्या तंतूंत विशेष शुद्ध आणि सरळ रचनेत आढळते. रॅमीच्या तंतूंची समांतर जुडी शलाकेच्या मार्गात आडवी धरली असता पट्टीवर ना स्फटिकाच्या चुऱ्याची अखंड वलये उमटली, ना एकसंध स्फटिकाचे विखुरलेले ठिपके; जे उमटले ते मध्यबिंदूच्या चारी बाजूंना सममित आणि आडव्या ओळींत बसलेले ठिपके होते. या चित्राचा उलगडा करण्याचे काम संस्थेत नुकत्याच आलेल्या मायकेल पोलान्यी या हंगेरियन तरुणाकडे सोपवण्यात आले. तंतूत असंख्य सूक्ष्म स्फटिक असून त्या सर्वांचा एक अक्ष तंतूच्या लांबीला समांतर असतो, मात्र त्या अक्षाभोवती ते हवे तसे फिरलेले असतात, असे मानले की हे चित्र गणिताने जसेच्या तसे मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. ठिपक्यांच्या ओळींमधील अंतरावरून तंतूच्या दिशेने रचनेची पुनरावृत्ती किती अंतराने होते हे थेट मोजता येते, आणि सेल्युलोजसाठी ते अंतर सुमारे एक नॅनोमीटर निघाले.

या आकड्याने गोंधळ उडवला. स्फटिकात जी सर्वांत लहान पेटी पुन्हा पुन्हा मांडली जाऊन संपूर्ण रचना तयार होते, तिला एकक कोशिका म्हणतात; सेल्युलोजच्या एकक कोशिकेत ग्लुकोजची अवघी चार एकके मावत होती. त्या काळी स्फटिकशास्त्राला परिचित असलेले सेंद्रिय पदार्थ लहान रेणूंचे होते आणि त्यांत एक किंवा अनेक पूर्ण रेणू एका कोशिकेत बसत, त्यामुळे रेणू कोशिकेपेक्षा मोठा असूच शकत नाही हा समज सिद्धान्तासारखा रुजला होता. पोलान्यी यांच्या गणिताने मात्र दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या होत्या. कोशिकेतील एकके कोशिकेच्या भिंती ओलांडून पुढच्या कोशिकेतील एककांशी जोडलेली असतील तर सेल्युलोज म्हणजे लांब साखळ्या, आणि ती आपसातच जोडलेली असतील तर दोन-दोन ग्लुकोजची लहान कडी. हे त्यांनी मांडले, परंतु कोणती शक्यता खरी याचा निर्णय केला नाही. लांब साखळीचा पर्याय केवढा महत्त्वाचा होता हे आपल्या ध्यानात आले नाही, अशी कबुली त्यांनी चार दशकांनंतर लिहिलेल्या आठवणींत दिली आहे. ही कबुली प्रामाणिक आहे, पण दोष एकट्या पोलान्यींचा नव्हता. क्ष-किरण चित्र पुनरावृत्तीचे अंतर सांगते. एका कोशिकेतून दुसऱ्या कोशिकेत रासायनिक बंध जातो की नाही, हे ते स्वतःहून सांगत नाही.

लांब साखळ्यांची बाजू जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर एकहाती लढवत होते. बहुवारिके म्हणजे साध्या रासायनिक बंधांनीच जोडलेले प्रचंड रेणू होत, हे त्यांनी १९२० मध्ये मांडले आणि रबरावर हायड्रोजनची प्रक्रिया केल्यानंतरही त्याचे कलिली (कोलॉइडल) गुणधर्म टिकून राहतात, हे दाखवून पुंजक्यांच्या कल्पनेला धक्का दिला. कारण रबरातील द्विबंधांच्या आकर्षणामुळे पुंजके टिकतात असा दावा होता आणि ते बंध नाहीसे झाल्यावर पुंजके विस्कटायला हवे होते. १९२६ मध्ये ड्यूसेलडॉर्फ येथे भरलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांच्या संमेलनात हा वाद समोरासमोर आला. माक्स बेर्गमान आणि हान्स प्रिंग्सहाइम लहान रेणूंच्या बाजूने बोलले, श्टाउडिंगर महारेणूंच्या बाजूने, आणि हेर्मान मार्क या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने लहान कोशिका ही मोठ्या रेणूच्या आड येत नाही एवढे स्पष्ट केले. मार्क यांचे हे विधान मोजके होते, पण विरोधकांच्या हातातले मुख्य शस्त्र त्याने बोथट झाले.

निर्णायक प्रयोग दुसऱ्याच वर्षी फ्रायबुर्ग येथे झाला, आणि वादाच्या कोलाहलापेक्षा तो अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे. श्टाउडिंगर यांच्या प्रयोगशाळेत फॉर्माल्डिहाइडपासून बनणाऱ्या साखळ्या वेगवेगळ्या ज्ञात लांबीच्या तयार करण्यात आल्या आणि भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ मी यांचे शिष्य हेंग्स्टेनबर्ग यांनी त्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. आखूड साखळ्यांत रेणूच्या पूर्ण लांबीशी निगडित असे अंतर चित्रात दिसे. साखळ्या लांब आणि असमान झाल्या की ते नाहीसे होऊन साखळीतील लहान पुनरावृत्तीच तेवढी शिल्लक राही. रेणू कोशिकेपेक्षा कितीतरी मोठा असूनही चित्रात लहान कोशिकाच दिसू शकते, हे अशा प्रकारे लांबी ठाऊक असलेल्या रेणूंवर सिद्ध झाले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात स्पॉन्सलर आणि डोर यांनी, व १९२८ मध्ये लुडविग्सहाफेन येथे कुर्ट मायर आणि मार्क यांनी, कोशिकांच्या सीमा ओलांडून जाणाऱ्या ग्लुकोज-साखळ्यांची प्रतिकृती मांडली आणि सेल्युलोजचे चित्र तिच्याशी जुळले.

महारेणू मान्य झाले तरी घन पदार्थात त्यांची मांडणी कशी असते हा प्रश्न बाकीच होता. १९२५ मध्ये डच शास्त्रज्ञ योहान रुडोल्फ कात्झ यांनी रबराची पट्टी शलाकेसमोर धरली, तेव्हा सैल अवस्थेत द्रवासारखे एक धूसर वलय उमटले. तीच पट्टी ताणून धरल्यावर वलयाबरोबर तंतूच्या चित्रातले लख्ख ठिपके दिसू लागले, आणि ताण सोडताच ते पुन्हा गेले. एकाच पदार्थात स्फटिकी आणि अस्फटिकी, म्हणजे नियमित व अनियमित, अशा दोन्ही रचना एकत्र नांदतात, ही जाणीव अशा चित्रांनी पक्की केली. १९३० मध्ये हेरमान, गेर्नग्रोस आणि आबिट्स यांनी जिलेटिनसाठी जे प्रारूप सुचवले त्यात एकच लांब साखळी एका सूक्ष्म स्फटिकातून बाहेर पडून अस्ताव्यस्त प्रदेशातून जाते आणि पुढच्या स्फटिकात शिरते. झालरदार कडांच्या स्फटिकांचे हे प्रारूप बहुवारिकांना सरसकट लावले जाऊन पुढची सत्तावीस वर्षे प्रमाण मानले गेले.

मात्र हे सूक्ष्म स्फटिक केवढे आणि त्यांच्यात अंतर किती, हे पाहायचे तर पट्टीवर मूळ शलाकेच्या अगदी शेजारी पाहावे लागते. नमुन्यापासून पट्टी पाच सेंटिमीटरवर असेल, तर दहा नॅनोमीटरच्या अंतराचा ठिपका केंद्रापासून पाऊण मिलिमीटरवर पडतो. तिथे थेट येणाऱ्या शलाकेचा प्रखर डाग असतो, किंवा ती अडवण्यासाठी लावलेली शिशाची चकती असते. वर्षानुवर्षे ही माहिती प्रत्येक चित्रात दडलेली होती आणि प्रत्येक उपकरणाच्या रचनेमुळे झाकली जात होती. त्या झाकल्या प्रदेशाकडे प्रथम पाहणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे काम करणारे पी. कृष्णमूर्ती यांनी १९३० च्या सुमारास कार्बनचे अस्फटिकी प्रकार आणि कलिली विद्राव यांचा अभ्यास करताना शलाकेलगतचे अखंड व तीव्र प्रकीर्णन नोंदवले. ज्यात कोणतीही नियमित मांडणी नाही अशा कणांचे केवळ आकारमान हेही प्रकीर्णनातून व्यक्त होते, ही या निरीक्षणामागची मोलाची गोष्ट होती. शलाकेलगतच्या अशा प्रकीर्णनावरील, म्हणजे लघुकोनी प्रकीर्णनावरील, पहिल्या मोठ्या ग्रंथात आंद्रे गिनिए आणि जेरार फूर्ने यांनी कृष्णमूर्तींचा उल्लेख आद्य निरीक्षकांत केला आहे. भारतातील विज्ञानाच्या इतिहासातही त्यांचे स्थान तितक्याच ठळकपणे नोंदले गेले पाहिजे.

या निरीक्षणाला नियमाचे रूप पॅरिसमध्ये गिनिए यांनी दिले. ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूत तांब्याचे अणू अतिसूक्ष्म पुंजक्यांत गोळा होतात हे १९३८ मध्ये शोधताना त्यांनी वक्र स्फटिकाच्या साहाय्याने क्ष-किरण एकाच तरंगलांबीचे करून एका रेषेत केंद्रित केले, त्यामुळे शलाकेलगतचा प्रदेश स्वच्छ दिसू लागला. तीव्रतेचा लॉगरिथम आणि प्रकीर्णन-कोनाचा वर्ग यांचा आलेख अत्यल्प कोनांत सरळ रेषा असतो आणि तिच्या उतारावरून कणाची परिभ्रमण त्रिज्या, म्हणजे त्याचे द्रव्य केंद्रापासून सरासरी किती दूर पसरले आहे याचे माप, मिळते, हा त्यांचा नियम आजही कोणत्याही लघुकोनी प्रकीर्णनाच्या विश्लेषणातील पहिली पायरी आहे. ऑस्ट्रियात ओटो क्राट्की यांनी उपकरणाची अडचण निराळ्या मार्गाने सोडवली. शलाका अरुंद करणाऱ्या फटीच्या कडाच क्ष-किरण विखुरतात आणि तो उपद्रव खऱ्या संकेतात मिसळतो. म्हणून त्यांनी फटीऐवजी काटेकोर घासून सपाट केलेले धातूचे ठोकळे अशा तऱ्हेने मांडले की त्यांच्या सामाईक प्रतलाच्या एका बाजूला कडांपासून विखुरलेला एकही किरण पोहोचू नये. ग्राझ येथे १९५४ च्या सुमारास सिद्ध झालेला हा कॅमेरा जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. त्यांचे सहकारी ग्युंटर पोरोड यांनी, दोन घनतांच्या प्रदेशांमधली सीमा तीव्र असेल तर मोठ्या कोनांकडे तीव्रता कोनाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि त्यावरून त्या सीमेचे एकूण क्षेत्रफळ काढता येते, हे सिद्ध केले.

बहुवारिकांच्या बाबतीत महत्त्वाचे निरीक्षण युद्धाच्या ऐन धामधुमीत झाले. बर्लिनमध्ये कुर्ट हेस आणि हाइन्झ किसिग यांनी १९४३ मध्ये संश्लेषित पॉलिअमाइड तंतूंच्या चित्रांत मूळ शलाकेच्या अगदी जवळ, तंतूच्या दिशेने, स्पष्ट ठिपके दाखवले. त्यांवरून निघणारे अंतर सुमारे दहा नॅनोमीटर होते, म्हणजे रासायनिक पुनरावृत्तीच्या कितीतरी पट. त्याला दीर्घ आवर्तन हे नाव मिळाले आणि त्याचा अर्थ असा लावला गेला की तंतूच्या लांबीवर स्फटिकी व अस्फटिकी प्रदेश आलटूनपालटून येतात आणि त्यांच्या इलेक्ट्रॉन घनतेतील फरकामुळे हे प्रकीर्णन घडते. हेस हे महारेणूंच्या कल्पनेचे जुने आणि कट्टर विरोधक होते. महारेणूंच्या मांडणीचे सर्वांत उपयुक्त माप त्यांच्याच प्रयोगशाळेतून यावे, यातून पट्टीवरील मोजमाप हे मोजणाऱ्याच्या मतापासून किती स्वतंत्र असते हे दिसते.

हे अंतर नेमके कशाचे, याचा उलगडा पॉलिथिनने केला. कार्ल त्सीग्लर यांनी १९५३ मध्ये शोधलेल्या उत्प्रेरकांमुळे फांद्या नसलेल्या सरळ साखळ्यांचे पॉलिथिन मिळू लागले. ब्रिस्टल विद्यापीठात अँड्र्यू केलर यांनी अशा पॉलिथिनचा अत्यंत विरळ विद्राव तप्त झायलीनमध्ये करून तो सावकाश थंड केला, तेव्हा त्यातून शंकरपाळ्याच्या आकाराचे, काही मायक्रोमीटर रुंद आणि अवघे दहा नॅनोमीटरच्या आसपास जाड असे पातळ स्फटिक वेगळे झाले. क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉन वापरून घेतलेल्या अशाच विवर्तन-चित्रांतून कळले की साखळ्या या पापुद्र्याच्या पृष्ठभागाला लंब उभ्या आहेत. येथे एक विसंगती समोर येते. एक लाख रेणुभाराच्या पॉलिथिनची साखळी पूर्ण ताणली तर सुमारे ९०० नॅनोमीटर लांब भरते, आणि ती दहा नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यात उभी आहे. यातून केलर यांनी १९५७ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की साखळी पृष्ठभागाशी पोहोचताच वळते, परत आत शिरते आणि अशा ऐंशी-नव्वद घड्या घालून एकाच स्फटिकात सामावते. त्याच वर्षी टिल यांनी अमेरिकेत आणि फिशर यांनी जर्मनीत असेच स्फटिक स्वतंत्रपणे मिळवले होते. केलर आणि त्यांचे सहकारी ओ'कॉनर यांनी हे पापुद्रे गाळून एकावर एक बसू दिले आणि त्या थराचे लघुकोनी प्रकीर्णन मोजले, तेव्हा पापुद्र्याची जाडी आणि दीर्घ आवर्तन यांचा मेळ बसला. चौदा वर्षांपूर्वी तंतूत दिसलेल्या त्या ठिपक्यांचे मूळ अशा रीतीने डोळ्यांसमोर आले. स्फटिक जितक्या उच्च तापमानाला वाढवावा तितका पापुद्रा जाड होतो, हेही या मापनांनी दाखवले आणि घड्यांच्या लांबीवर सिद्धान्त रचण्यास आधार मिळाला.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांना मात्र हे चित्र मान्य नव्हते. लांब साखळ्यांच्या गुंत्यातून स्फटिक बनत असताना प्रत्येक साखळी शिस्तीने शेजारच्याच जागेत परत शिरेल हे त्यांना संख्याशास्त्रीय दृष्टीने अशक्य वाटे. टेलिफोनच्या स्विचबोर्डावरील तारांसारख्या साखळ्या पृष्ठभागाबाहेर पडून कुठेही दूर परत शिरतात, असे त्यांनी १९६२ मध्ये मांडले. या वादात क्ष-किरणांना मर्यादा होती आणि ती तत्त्वाची होती. पापुद्र्याची जाडी, अस्फटिकी थराची जाडी, घनतेतील फरक हे सारे प्रकीर्णनातून मिळते. पण एका साखळीला शेजारच्या साखळीपासून वेगळे ओळखण्याचा कोणताही मार्ग क्ष-किरणांपाशी नाही, कारण दोहोंत इलेक्ट्रॉन सारखेच. न्यूट्रॉन मात्र साधा हायड्रोजन आणि जड हायड्रोजन यांत फरक करतात. १९७० नंतर जड हायड्रोजनयुक्त थोड्या साखळ्या साध्या साखळ्यांत मिसळून न्यूट्रॉन प्रकीर्णन मोजण्यात आले, तेव्हा विद्रावातून वाढवलेल्या स्फटिकांत शेजारची घडी प्रबळ असल्याचे, आणि वितळलेल्या पदार्थातून घट्ट झालेल्या पॉलिथिनमध्ये ती पुष्कळ कमी असल्याचे दिसून आले. केलर विरळ विद्रावाच्या स्फटिकांबद्दल बरेचसे बरोबर ठरले आणि फ्लोरी वितळलेल्या पदार्थाबद्दल. या कामासाठी लागणारी न्यूट्रॉन-उपकरणे पुढे भारतातही उभी राहिली, आणि मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीवर लघुकोनी न्यूट्रॉन प्रकीर्णनाची सोय आहे.

क्ष-किरणांनी या दरम्यान वेगाच्या बाबतीत बाजी मारली. एकेका चित्रासाठी तासन् तास, प्रसंगी दिवस, पट्टी उघडी ठेवावी लागत असे; १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या डेझी या त्वरकातून निघणारे सिंक्रोट्रॉन किरण वापरता येऊ लागल्यावर हा काळ मिनिटांवर आणि पुढे सेकंदांवर आला. पॉलिएस्टर तापवताना किंवा तंतू ओढताना दीर्घ आवर्तन कसे प्रकट होते आणि बदलते, हे ते घडत असतानाच मोजता येऊ लागले, आणि गृहीत धरलेल्या अनेक गोष्टी प्रत्यक्षात तपासल्या गेल्या. फ्लोरी यांचे निधन १९८५ मध्ये झाले व केलर यांचे १९९९ मध्ये. वितळलेल्या बहुवारिकातील पहिला पापुद्रा नेमका कोणत्या मार्गाने जन्म घेतो, याबद्दल त्यानंतरही एकमत झालेले नाही.